अकरा जणी, एक सोमवार आणि नागपूर : एका सहलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, वर्धा-नागपूर रस्त्यापासून चार किलोमीटर आत आमचं गाव आहे. गावाचं आणि बायकांचं नाव इथं देत नाही. बाकी सगळं घडलं तसंच लिहिलं आहे.

आमचा बचत गट अकरा जणींचा. सगळ्यात धाकटी २६ वर्षांची, सगळ्यात मोठ्या काकू ६३ च्या. नऊ जणी वावरात जातात, कुणी स्वतःच्या, कुणी दुसऱ्याच्या. एक वहिनी शिवणकाम करतात. मी गटाचा हिशेब लिहिते. लग्नाआधी तीन वर्षं नागपूरला वसतिगृहात राहून शिकले, एवढ्या भांडवलावर गावात मला ‘नागपूरवाली’ म्हणतात. या प्रकरणातली निम्मी गडबड त्या पदवीमुळेच झाली.

दरसाल संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्याकडे हळदीकुंकवाचा सपाटा असतो. वाणात प्लास्टिकच्या वाट्या, चाळण्या, साबणाच्या डब्या. माझ्या घरी अशा सतरा वाट्या आहेत आणि त्यातल्या तीन मीच वाटलेल्या फिरून परत आल्या आहेत. पण खरी गोष्ट वाट्यांची नव्हती. गटातल्या दोघींचे नवरे गेलेले. गटाची बचत, कर्ज, सह्या, सगळ्यात त्या पुढं. हळदीकुंकू आलं की “आज वावरात लय काम हाये” म्हणून बाजूला. आम्ही “बरं” म्हणायचो. सात वर्षं म्हणत होतो.

यंदा जानेवारीच्या बैठकीत अध्यक्षबाई म्हणाल्या, “वाण नको. पैसे एका जागी करू अन् सगळ्याच जणी कुठं तरी जाऊ.” ‘सगळ्याच’ या शब्दावर त्यांनी जो जोर दिला तो सगळ्यांना कळला. कुणी काही बोललं नाही. दोघींपैकी एकीनं चटईची काडी उपसत खालीच बघितलं आणि मग सगळ्यांच्या आधी चारशे रुपये काढून ठेवले.

देवदर्शनाला मात्र नकार आला. “देवाले त दरसाल जातोच,” शिवणवाल्या वहिनी म्हणाल्या. “पायाले काम पायजे अन् तोंडाले बी.” मला वाटतं, या सहलीची व्याख्या त्या एका वाक्यात होती. पुढं मी ती विसरले.

अडचण

चारशे गुणिले अकरा, म्हणजे ४,४०० रुपये हाताशी होते. वेळ सकाळी साडेसातपासून संध्याकाळी सातपर्यंत, कारण तीन घरी दुधाची जनावरं आहेत. पैसा आणि वेळ दोन्ही पुरण्यासारखं होतं. अडलं ते दिवसावर.

आमच्याकडे मजुरीची सुट्टी रविवारी नसते, बाजाराच्या दिवशी असते. आठवड्याचा चुकारा त्या दिवशी मिळतो, मग बाजार करायचा, असा रिवाज. आमचा बाजार सोमवारी भरतो. म्हणजे सोमवारी गेलं तर कुणाची मजुरी बुडत नाही. रविवारी गेलं तर सहा जणींचा रोज जातो. कापसाचा शेवटचा वेचा चालू होता, तुरी निघत होत्या, आणि अशा दिवसांत मालकाला “उद्या येत नाई” म्हणणं सोपं नसतं. रविवारी गर्दीही जास्त. सोमवार एकमतानं ठरला.

दुसरी अडचण घरची. कुणी सरळ सांगितलं, कुणी सांगितलं की नागपूरला गटाची मिटिंग आहे. खोटं तरी कसं म्हणू? अकरा जणींचा कोरम पूर्ण होता.

तिसरी अडचण मला दिसलीच नाही, म्हणून ती इथं न लिहिता जिथं पायात आली तिथं लिहिते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय क्रुझरचा. गाडीवाल्यानं दिवसाचे साडेतीन हजार सांगितले. दारातून बसायचं, दारात उतरायचं. काकूंच्या गुडघ्याला सोयीचं. पण चार हजार चारशेतले साडेतीन गेले तर उरतं काय? शिवाय गाडी म्हटल्यावर अध्यक्षबाईंचा मुलगा म्हणाला, “मी येतो संगं, लक्ष ठेवायले.” चांगला पोरगा आहे. पण तो आला असता तर अर्ध्या जणींनी दिवसभर डोक्यावरचा पदर सोडला नसता. क्रुझर तिथंच मागं पडली, आणि ती पैशामुळे पडली असं आम्ही त्याला सांगितलं.

दुसरा रेल्वेचा. सिंदी रेल्वेला जाऊन पॅसेंजर धरायची. स्वस्त खरी, पण आधी सिंदी गाठायची, परतताना पुन्हा तिथून गावाला साधन शोधायचं. गाडी लेट झाली तर सगळं बसलं. सोडून दिला.

तिसरा एसटीचा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि अकरा जणी असल्यावर हे ‘अर्धं’ चांगलंच जाणवतं. जाणं-येणं धरून अकराशेच्या आत बसत होतं. गावातून रस्त्यापर्यंत ऑटो, तिथून वर्ध्याहून येणारी नागपूर गाडी. हा ठरला.

नागपुरात काय करायचं, यावर धाकटी आणि तिच्या बरोबरीची एक जण मॉल आणि पिक्चरच्या बाजूनं होत्या. त्यावर काकूंनी विचारलं, “अंधारात तीन घंटे चूप बसाचं, त बोलाचं कवा?” पिक्चर गेला. त्या बदल्यात बर्डीवर खरेदीला एक तास द्यायचा असा तह झाला. (सीताबर्डीला आमच्याकडे कुणी सीताबर्डी म्हणत नाही, ‘बर्डी’ म्हटलं की कळतं. ही गोष्ट पुढं महागात पडली.)

बाकी बेत मी एकटीनं केला. आता मागं वळून बघितलं तर या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय हाच होता आणि तो निर्णय आहे हे कुणालाच कळलं नाही, मलाही नाही. “तुले मालूम हाये, तूच लिह,” असं म्हणून दहा जणी मोकळ्या झाल्या आणि मी वहीचं पान फाडून बसले.

पानावर सात ठिकाणं आली : शून्य मैलाचा दगड, अजब बंगला, गणेश टेकडी, रमण विज्ञान केंद्र, दीक्षाभूमी, बर्डी आणि संध्याकाळी फुटाळा तलाव. प्रत्येकापुढं वेळ. १०.१५ ते १०.४५, १०.४५ ते १२. एवढं नेमकं तर शाळेचं वेळापत्रकही नसतं. बसण्यासाठी, चहासाठी, बाथरूमसाठी त्या पानावर एक ओळ नव्हती. जेवण होतं, अर्धा तास.

प्रत्यक्ष दिवस : सकाळ

पावणेआठची गाडी भरलेली आली आणि हात दाखवूनही थांबली नाही. पुढची मिळाली तेव्हा आठ वीस झाले होते. बुटीबोरीपर्यंत उभ्यानं, मग हळूहळू जागा. छत्रपती चौकात उतरलो तेव्हा दहाला पाच कमी होते.

गणेशपेठच्या बसस्थानकापर्यंत न जाता छत्रपती चौकात उतरून मेट्रो धरायची, ही माझी युक्ती होती आणि ती मी आजही बरोबरच मानते. नागपूरची मेट्रो २०१९ च्या मार्चमध्ये याच वर्धा रस्त्यावरून सुरू झाली, आणि इथं ती दुमजली पुलाच्या वरच्या मजल्यावरून जाते. खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर गाडी. अकरापैकी आठ जणी मेट्रोत पहिल्यांदाच बसणार होत्या.

सरकत्या जिन्याशी काकू थांबल्या. नऊवारी लुगडं, पायात साध्या चपला. त्यांनी जिन्याकडं असं बघितलं जसं बैलाच्या डोळ्यात बघतात, हा शिंगं मारेल की नाही म्हणून. “मी नाई जात यावर. ते मले खाली ओढते.” बाजूला लिफ्ट होती. इथं पहिला छोटा निर्णय : सगळ्यांनी लिफ्टनं जायचं की काकूंसोबत एक जण? धाकटी म्हणाली, “मी जातो काकूसंगं.” आठ जणी जिन्यानं, किंचाळत आणि हसत. शिवणवाल्या वहिनींनी एकदा वर जाऊन पुन्हा खाली येऊन परत जिना घेतला. पाच मिनिटं गेली. माझ्या पानात ती पाच मिनिटं नव्हती, म्हणून मी घाई करत होते. आज वाटतं, ‘पायाले काम’ ते हेच होतं, आणि मी त्यांना त्यातून ओढत होते.

तिकिटावरचा क्यूआर दाखवून दार उघडायचं हेही झालं. गाडीत बसलो. बसमध्ये मी सांगितलं होतं, “झिरो माईलला उतरायचं. चुकामूक झाली तर जिथं असाल तिथंच थांबा.” पण बसमध्ये मागच्या चार जणींना ते ऐकूच गेलं नव्हतं. आणि सगळ्यांच्या डोक्यात सकाळपासून एकच शब्द होता, बर्डी. झिरो माईलच्या आधीचं स्थानक सीताबर्डी. तिथं दोन्ही मार्ग मिळतात, गाडी निम्मी रिकामी होते. नाव पुकारलं, लोक उठले, आणि आमच्यातल्या दोघी, सख्ख्या जावा, लोकांबरोबर उतरल्या. दार लागलं. काचेतून त्या आमच्याकडं बघत होत्या आणि आम्ही त्यांच्याकडं. एकीनं हात वर केला, जणू बसला हात दाखवतेय.

फोन लावला. फोन आमच्याच डब्यात वाजला. मोठीनं तिचा फोन फोटो काढायला धाकटीच्या पिशवीत दिला होता. लहान जावेकडं फोन नाहीच.

आता काय? तीन गोष्टी शक्य होत्या : सगळ्यांनी पुढं उतरून परत जायचं, एकीनं परत जायचं, किंवा त्या दोघी मागची गाडी धरून येतील म्हणून वाट बघायची. तिसऱ्यावर भरवसा ठेवण्याइतकी माझी हिंमत नव्हती. झिरो माईलला आठ जणींना फलाटावरच्या बाकावर बसवलं, अध्यक्षबाईंना सांगितलं की कुणाला हलू देऊ नका, आणि मी उलट गाडीनं सीताबर्डीला गेले. दोघी त्याच जागी, खांबाला टेकून उभ्या. मोठी म्हणाली, “आमी हललोच नाई. हे म्हणली, चाल विचारू कोनाले. म्या म्हटलं, वावरात पोरगं हरपलं त ते जितं हाये तितंच राहाले पायजे.”

नियम त्यांनी ऐकला नव्हता, पण पाळला.

यात पंचवीस मिनिटं गेली. इथून पुढं माझं पान कामाचं राहिलं नव्हतं, पण मी ते खिशात घडी करून ठेवलं आणि मनातल्या मनात बेरीज करत राहिले.

बंद दार

शून्य मैलाचा खांब आणि त्याच्याजवळचे चार घोडे बघितले. इंग्रजांनी देशाची मोजणी करताना इथून अंतरं धरली असं म्हणतात, हे सांगितलं. “म्हंजे आपलं गाव इथून मोजलं?” असं एकीनं विचारलं आणि मग सगळ्यांनी आपापली माहेरं मोजायला सुरुवात केली. आर्वी, राळेगाव, पुलगाव, एकीचं थेट बालाघाटकडचं. हे चांगलं दहा मिनिटं चाललं.

मग चालत अजब बंगल्याकडं. १८६३ साली सुरू झालेलं हे मध्यवर्ती संग्रहालय. गावाकडं त्याला अजब बंगलाच म्हणतात. ऊन चढलं होतं. काकू आतापर्यंत मागं मागं चालत होत्या, त्या इथं पुढं आल्या. फाटकाशी पोचलो. फाटक लावलेलं. सोमवारी बंद.

मला हे माहीत असायला हवं होतं. महाराजबाग, म्हणजे नागपूरचं प्राणिसंग्रहालय, सोमवारी बंद असते हे मला पक्कं आठवत होतं, म्हणून तर ती पानात घेतली नव्हती. संग्रहालयाचं डोक्यातच आलं नाही. मी हसत म्हटलं, “जाऊ द्या, पुढं चला.” बाकीच्या वळल्या. काकू वळल्या नाहीत. फाटकाच्या गजाला हात लावून आतल्या झाडांकडं बघत उभ्या राहिल्या.

“माय आली होती म्हने मा, मी पोटात असतानी,” त्या म्हणाल्या. “वाघ पाह्यला होता तिनं यात. मेलेला, पन उभा. मरेपर्यंत सांगत जाय.” आणि मग, माझ्याकडं न बघता : “म्या यासाठीच आली होती.”

चारशे रुपये दिल्यापासून या क्षणापर्यंत त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं नव्हतं कारण कुणी विचारलं नव्हतं. मी ठिकाणं ठरवली. कुणाला काय बघायचं आहे हा प्रश्न एकदाही टाकला नाही. टाकला असता तर सोमवारचा पेच बैठकीतच समोर आला असता. मग मजुरी बुडवायची की अजब बंगला सोडायचा, हे काकूंनी स्वतः ठरवलं असतं. कदाचित त्यांनी सोमवारच निवडला असता. पण मग फाटकाशी अशा उभ्या राहिल्या नसत्या.

चक्कर

गणेश टेकडी तिथंच रद्द केली आणि तीन ऑटो करून रमण विज्ञान केंद्राकडं निघालो, गांधीसागर तलावाच्या काठाला. साडेबारा वाजून गेले होते. आत बागेत शिरलो आणि काकू म्हणाल्या, “मले अंधारून येऊन राह्यलं,” आणि झाडाच्या कठड्यावर बसल्या. चेहरा पांढरा, हात गार.

मला पहिल्यांदा वाटलं ऊन. पण ऊन म्हणावं तर काकू मे महिन्यात वावरात पऱ्हाट्या उपटतात. अध्यक्षबाईंनी विचारलं, “सकाळपासून पाणी किती पेलं?” काकू गप्प. मग त्यांनी सगळ्यांनाच विचारलं. अकरापैकी सात जणींनी घर सोडल्यापासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. चहाही टाळला होता. का, तर “जाव लागलं त कुठं जाव?”

ही ती तिसरी अडचण. वावरात आडोसा असतो, माहितीचा असतो. शहरात विचारावं लागतं, आणि विचारायची लाज वाटते. म्हणून पाणीच प्यायचं नाही, हा बाईमाणसाचा जुना तोडगा. प्रत्येकीच्या पिशवीत भरलेली बाटली होती. भरलेलीच. मेट्रोच्या स्थानकात स्वच्छतागृह असतं, मी स्वतः दहा वेळा वापरलं आहे. झिरो माईलला आठ जणी पंचवीस मिनिटं त्याच्या बाजूला बसून होत्या. मी सांगितलं नाही. माझ्या लेखी ती सांगायची गोष्ट नव्हती.

पाण्यात मीठ-साखर टाकून काकूंना घोट घोट दिलं. मीठ ठेच्याच्या डबीशेजारच्या पुडीतलं, साखर बाहेरच्या चहावाल्याकडून. शिवणवाल्या वहिनींनी त्यांचे तळवे चोळले. वीस मिनिटांत रंग परत आला. आला नसता तर डॉक्टरकडं नेणारच होतो. धाकटी ऑटो थांबवून उभी होती. मग रखवालदाराला विचारून स्वच्छतागृह कुठं ते बघितलं आणि अकराच्या अकरा जणी रांगेनं जाऊन आल्या. तिथून परतताना ज्या हसल्या, तशा सकाळपासून हसल्या नव्हत्या.

निर्णयाचं वळण

एक वाजला होता. पान काढलं. चार ठिकाणं बाकी. मी म्हटलं, “लवकर जेवून घेऊ, मग…”

“ते पान दे इकडं,” अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी ते घडी करून आपल्या कमरेला खोचलं. “आता बसाचं.”

मला राग आला, खोटं कशाला सांगू. एवढी मेहनत केली होती. पण बसलो. भाकरी, झुणका, लाल मिरचीचा ठेचा, उकडलेले हरभरे, तिळाच्या पोळ्या. अकरा डबे मध्ये ठेवले आणि कुणाचं कोणतं हे पाच मिनिटांत कळेनासं झालं. जेवल्यावर कुणी तरी आडवं झालं. बागेत डायनासोरचे पुतळे आहेत; लहान जाऊ त्यातल्या मोठ्यापुढं उभी राहून म्हणाली, “एवढं पोट त याले चारा किती लागत असन?” यावर कुटाराच्या भावापर्यंत चर्चा गेली.

मग फुगडी. सुरुवात कुणी केली आठवत नाही. शाळेच्या सहलीची पोरं बघत उभी राहिली, त्यांच्या मॅडमही आल्या, एक फेरा त्यांनीही घेतला. नवरा गेलेल्या दोघी एकमेकींचे हात धरून फुगडीला उभ्या राहिल्या. मी त्यांना गावात कधी फुगडी घालताना बघितलेलं नाही. पदर कमरेला, टाचा रोवलेल्या, मान मागं टाकलेली. एकीची चप्पल सुटून वाफ्यात गेली तरी थांबल्या नाहीत. काकू कठड्यावर बसून टाळ्या देत होत्या.

दोन तास गेले. मधल्या वेळात सहा जणी तिकीट काढून आत तारांगण बघून आल्या, पाच जणी बाहेरच राहिल्या. वेगळं व्हायचं की सगळ्यांनी सोबतच राहायचं, यावर थोडी घासाघीस झाली. सकाळच्या जावांमुळे मी घाबरलेली होते. पण या वेळी नियम सगळ्यांच्या कानावर घातला, प्रत्येक तुकडीत एक फोन, परतायची जागा हाच कठडा. काही अडचण आली नाही.

साडेतीनला प्रश्न आला : आता एकच ठिकाण होईल, कोणतं? तरण्या दोघी बर्डी म्हणाल्या, तह होता ना. मी फुटाळा म्हटलं. तेव्हा आतापर्यंत फारसं न बोललेली एक ताई म्हणाली, “दीक्षाभूमी.” तिच्या घरचे दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला येतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथंच दीक्षा दिली, तेव्हा तिचे आजोबा पायी आले होते. “पन मी गर्दीतच पाह्यली. लोकायच्या पाठी अन् डोकी. एकडाव चूप बसून पाहाची हाये.”

हात वर करून मत घेतलं नाही. काकू उठल्या, लुगड्याची धूळ झटकली आणि म्हणाल्या, “चाला. एकीचं राह्यलं, दुसरीचं त होऊ द्या.”

स्तूपात गार होतं. पंधरा-वीस माणसं असतील. ती ताई घुमटाखाली भिंतीशी बसली, आम्ही तिच्या आजूबाजूला. दहा मिनिटं अकरा बायका गप्प बसल्या, हे मी पैज लावून सांगितलं असतं तरी गावात कुणी मानलं नसतं.

परतीला शेवटचा निर्णय. दीक्षाभूमीहून राहाटे कॉलनी जवळ. वर्ध्याची गाडी त्याच रस्त्यानं जाते. तिथं हात दाखवायचा, की उलटं गणेशपेठला जाऊन मांडी घालून जागा धरायची? सकाळची न थांबलेली गाडी आठवली आणि गणेशपेठ घेतलं. ऑटोचे पैसे जास्त गेले, जागा मात्र अकराही जणींना मिळाली. बुटीबोरीच्या आत नऊ जणी झोपल्या होत्या.

पुन्हा करायचं झालं तर

ठिकाणांचा क्रम मी महत्त्वानं लावला होता, रस्त्यानं नाही. गाडी सकाळी राहाटे कॉलनीवरून जाते, तर दीक्षाभूमी सकाळी पहिली हवी होती, ऊन चढायच्या आत. विज्ञान केंद्र गणेशपेठच्या बसस्थानकाजवळ, ते शेवटी. एवढ्या एका फेरबदलानं दोन ऑटोफेऱ्या आणि पाऊण तास वाचला असता. कापूस वेचताना आपण ओळ धरून जातो. इकडचं बोंड, तिकडचं बोंड करत वावरभर पळत नाही. हे मला सांगावं लागू नये.

चालण्याचं माझं गणितही चुकलं. या बायका दिवसाला सहा-सात किलोमीटर सहज चालतात, म्हणून मी अंतराची फिकीर केली नाही. पण शहरात थकवा अंतराचा येत नाही. रस्ता ओलांडताना श्वास धरायचा, सिमेंटवर उभं राहायचं, पाटी वाचता येते पण वाचेपर्यंत लोक ढकलतात, पाणी प्यायचं नाही. धाकटीच्या फोनमध्ये दिवसभराचं चालणं साडेसात किलोमीटर भरलं. वावरातल्या दिवसापेक्षा फार जास्त नाहीच.

चुकामुकीचा नियम आता बसमध्ये सांगणार नाही. निघायच्या आदल्या दिवशी, घरी, प्रत्येकीकडून वदवून घेईन. फोन ज्याचा त्याच्याकडं. आणि उतरायच्या ठिकाणाचं गावातलं नाव आणि स्थानकाचं नाव, दोन्ही सांगायची.

बर्डीचं काय? तह मोडला. तरण्या दोघींनी मनापासून फुगडी घातली, तरी परतीला त्यातली एक माझ्याशी बोलत नव्हती, आणि तिचं बरोबर होतं. सगळ्यांचं मन राखायच्या नादात ज्यांनी आधी शब्द घेतला होता त्यांचंच गेलं. दीक्षाभूमीनंतर दोघींना धाकटीच्या फोनसकट अर्धा तास बर्डीवर सोडून गणेशपेठला भेटायला सांगता आलं असतं. मी भ्याले. सकाळी दोन बायका हरवल्यावर संध्याकाळी दोन सोडायची छाती झाली नाही.

पाच मिनिटांचा जो प्रश्न बैठकीत टाकायला हवा होता, तो पुढच्या वेळी सगळ्यात आधी : कुणाला काय पाहायचं आहे, एकेकीनं एकच सांगा. चूप राहणाऱ्यांना आधी विचारायचं.

निष्पत्ती

सातपैकी तीन ठिकाणं झाली. खर्च ३,१४० रुपये : एसटी, मेट्रो, ऑटो, तारांगण, चहा, आणि बसस्थानकावर घेतलेली संत्रा बर्फी, जी गावात पोचेपर्यंत संपली. अध्यक्षबाईंच्या मुलानं रस्त्यावर गाडी घेऊन वाट बघितली होती, तीत काकूंना बसवलं.

फेब्रुवारीच्या बैठकीत शिल्लक १,२६० रुपये मी मध्ये ठेवले. परत वाटायचे की गटात जमा करायचे? कुणी वाटा म्हणालं नाही. रविवारी एक दिवस मजुरी बुडवायला सहा जणी तयार आहेत का, असं अध्यक्षबाईंनी विचारलं. चार तयार झाल्या, दोघी हरभरा निघाल्यावर सांगतो म्हणाल्या. ते तसंच राहिलंय.

मी वही उघडली. बचत, कर्ज, व्याज, दंड, इतकीच सदरं आमच्या वहीत. पेन धरून विचारलं, “हे बाराशे साठ कशात लिहू?”

काकू भिंतीला टेकून वाती वळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “अजब बंगला लिह.”

दंडाच्या खाली एक नवी ओळ आखली आणि तसंच लिहिलं.